मंत्रीणबाईंची डायरी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सदाशिव पेठेत राहते. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. माझी नात वकिलीच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या कॉलेजात मूट कोर्टाची, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याची, स्पर्धा आहे आणि विषय आहे आफ्रिकेतल्या रवांडा देशातला वंशसंहार. आरोपी तिथली एक माजी मंत्री, तीही बाई, आणि खातं कुटुंब व महिला विकासाचं. नातीच्या वाट्याला बचाव पक्ष आलाय. जेवणाच्या टेबलावर तिने कागद पसरून ठेवलेत. त्यातले थोडे मी वाचले आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मी तिला सांगून टाकलं, असल्या बाईची बाजू मांडायला माझ्या घरातली मुलगी उभी राहायची नाही. तेव्हापासून आमचा अबोला आहे. मला विचारायचंय ते हे, की जिने स्वतःच्या हाताने कुणाला मारल्याचं मला कुठे दिसलं नाही, तिच्यावर वंशसंहार शाबित कसा झाला? अटकेपासून शेवटच्या निकालापर्यंत अठरा वर्षं का लागली? आणि जन्मठेप झालेली असताना अपिलात ती उतरवून ४७ वर्षं का केली? मला तर हा त्या मेलेल्या माणसांचा अपमान वाटतो.
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : ताई, या वेळची जवळजवळ सगळी जागा तुमच्या पत्राला देते आहे. घरातला अबोला लवकर सुटावा, हे एक कारण. दुसरं असं, की सरकारी वकील म्हणून सत्तावीस वर्षं मी खुनाचे खटले चालवले, आणि तुमचा पहिला प्रश्न मला त्या सगळ्या वर्षांत छळत आलाय. ज्याने हत्यार उचललं त्याला पकडणं त्या मानाने सोपं असतं. ज्याच्या शब्दावर ते उचललं गेलं, त्याच्यापर्यंत न्यायालयात पोचायचं कसं?

बाईंचं नाव पॉलीन न्यिरामासुहुको. उच्चारायला अवघड आहे, पण नातीला ते न अडखळता म्हणायची सवय करायला सांगा. मूट कोर्टात सगळे नुसतं ‘आरोपी’ म्हणून वेळ मारून नेतात, आणि मग समोर एक माणूस आहे हेच विसरतात. या बाई दक्षिण रवांडातल्या बुतारे भागातल्या. आधी समाजसेवेच्या क्षेत्रात सरकारी नोकरी, संसार आणि मुलं झाल्यावर कायद्याची पदवी, १९९२ साली मंत्रिपद. नवरा बुतारेतल्या राष्ट्रीय विद्यापीठाचे प्रमुख, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू. आपल्या पुण्यात महिला व बालविकास आयुक्तालय आहे. त्या खात्याची कामं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे बाईंच्या टेबलावर एरवी कुठल्या फायली येत असतील याची कल्पना येईल.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून तुत्सी जमातीच्या लोकांची कत्तल सुरू झाली. शंभरेक दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. मारणारे मुख्यतः हुतू या बहुसंख्य जमातीतले; पण कत्तलीला विरोध करणारे हुतूही मेलेल्यांत होते. माणसाची जमात ओळखपत्रावरच छापलेली असायची, ही पद्धत बेल्जियमच्या राजवटीपासूनची. रस्त्यात ओंडके टाकून अडथळे उभे करायचे, कार्ड मागायचं, आणि कार्डावरच्या त्या एका शब्दावर जगणं-मरणं ठरायचं.

पण बुतारे पहिले जवळजवळ दोन आठवडे शांत होतं. हे मला नेहमी सांगावंसं वाटतं, कारण पुढचा सगळा खटला या शांततेवर उभा आहे. विद्यापीठाचं गाव, हुतू आणि तुत्सी घरांमध्ये सोयरिकी झालेल्या. तिथले जिल्हाप्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे देशातले एकमेव तुत्सी जिल्हाप्रमुख. त्यांनी गाव धरून ठेवलं होतं. आजूबाजूच्या भागातली माणसं जीव मुठीत धरून बुतारेकडे येत होती. १७ एप्रिलला मंत्रिमंडळाने या गृहस्थांना पदावरून काढलं. १९ एप्रिलला नव्या जिल्हाप्रमुखाच्या पदग्रहणाला पंतप्रधान ज्याँ कंबांडा आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष थिओदोर सिंदिकुब्वाबो जातीने आले. राष्ट्राध्यक्ष बुतारेचेच, पेशाने बालरोगतज्ज्ञ. त्यांचं भाषण रेडिओवरून ऐकवलं गेलं. त्यानंतर बुतारे पेटलं. हाब्यालिमानांनाही पुढे मारलं.

मी पुण्यात वाढले. विद्येचं माहेरघर हे शब्द शाळेपासून ऐकत आले. त्यामुळे कुलगुरूंच्या घराजवळ अडथळा उभारला जातो आणि त्यावर त्यांचाच मुलगा असतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी निकालपत्र मिटून गच्चीत जाऊन बसले होते. तुमची झोप उडाली, यात नवल नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. राष्ट्राध्यक्षांच्या त्या भाषणात ‘तुत्सींना मारा’ असं उघड वाक्य नव्हतं. जे ‘मला काय त्याचं’ म्हणतात त्यांनी बाजूला व्हावं आणि ‘काम’ करणाऱ्यांना काम करू द्यावं, असा त्याचा रोख होता. रवांडाच्या भाषेत ‘गुकोरा’ म्हणजे काम करणं. ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळ. त्या दिवसांत पहिल्या शब्दाचा अर्थ मारणं झाला होता आणि दुसऱ्याचा अर्थ तुत्सी. आता हे टांझानियातल्या अरुशा गावी, रवांडाच्या खटल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेल्या खास न्यायालयात बसलेल्या परदेशी न्यायाधीशांना कुणी सांगायचं? साक्षीदार किन्यारवांडात बोलणार, त्याचं फ्रेंच होणार, फ्रेंचचं इंग्रजी होणार. न्यायालयाने भाषातज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या. शब्दकोशातला अर्थ बाजूला ठेवून त्या महिन्यात, त्या गावात, ऐकणाऱ्याच्या कानाला काय ऐकू आलं, हे शाबित करावं लागलं.

यावर आपण मराठी माणसांनी तरी आश्चर्य करू नये. ‘त्याला बघून घेतो’ यात बघणं किती असतं? आणि पुण्याच्या गुन्हेगारीत ‘गेम केला’ म्हणजे काय, हे आज शाळकरी पोरालाही कळतं. माझ्या उमेदवारीच्या काळात एका तालुक्यातला खटला माझ्याकडे आला होता. जमिनीच्या वादातून एका वस्तीवर रात्री हल्ला झाला, दोन माणसं गेली. ज्याच्या सांगण्यावरून झाला तो गावातला बडा माणूस त्या रात्री स्वतःच्या ओट्यावर बसलेला होता. त्याने पोरांना एवढंच म्हटलं होतं, ‘आज त्यांचं बघूनच या.’ बचावाच्या वकिलांनी माझ्या साक्षीदाराला, एका सत्तरीच्या शेतमजुराला, अर्धा तास हेच विचारलं : ‘बघून या’ म्हणजे ‘बघून या’च ना? म्हातारा शेवटी म्हणाला, ‘साहेब, नुसतं बघायचं होतं तर जाताना कुऱ्हाडी कशाला दिल्या?’ साक्षीत ते वाक्य जसंच्या तसं नोंदवलं गेलं. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. अपिलात तो बडा माणूस सुटला, कारण ते शब्द ऐकणारा दुसरा कुणी नव्हता. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हे मला आजही ठाऊक आहे. आणि एकट्या कानावर माणसाला जन्मभर आत टाकू नये, हेही मला तेव्हा पटलं होतं.

पॉलीन यांच्या बाबतीत मात्र एकटा कान नव्हता. दोन वेगळ्या वाटांनी पुरावा आला.

पहिली वाट त्यांच्या स्वतःच्या हातची. १९९४ सालची त्यांची डायरी पुराव्यात दाखल झाली. त्यात मंत्रिमंडळाच्या बैठकांच्या नोंदी होत्या. हस्ताक्षरतज्ज्ञाची साक्ष झाली. डायरी हा पुरावा फार विलक्षण असतो, ताई. माझ्या हातून पोलिसांच्या केस डायऱ्या, सावकारांच्या वह्या, एकदा तर एका सुनेच्या वाणसामानाच्या वहीतल्या दोन ओळी, असं बरंच गेलंय. लिहिणारा माणूस कुणासाठी लिहीत नसतो, म्हणून ती वही खरी वाटते. पण त्याच कारणाने ती अर्धवट असते. नोंद स्वतःच्या मताची आहे की दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेतलंय? त्याच दिवशी लिहिलीय की मागाहून? नातीला भांडायला जागा असेल तर ती इथे आहे. तिने डायरीची पानं एकेक करून बघावीत. न्यायालयाने मात्र ही डायरी, बैठका आणि त्यानंतर बुतारेत घडलेलं एकत्र ठेवून बघितलं आणि वंशसंहाराच्या कटात त्या सामील होत्या असा निष्कर्ष काढला.

दुसरी वाट बुतारेच्या जिल्हा कार्यालयाच्या आवारातून आली. तिथे तुत्सी माणसं आसऱ्याला येऊन बसली होती, त्यात बायका आणि पोरं फार. सरकारी कचेरी आहे, इथे तरी कुणी हात लावणार नाही, ही आशा. मे-जूनच्या रात्रींमध्ये चिखल फासलेली एक पिकअप तिथे यायची. सोबत मुलगा, आर्सेन शालोम न्ताहोबाली, सैनिक आणि इंटरहाम्वे नावाच्या टोळीतली पोरं. वाचलेल्या बायकांनी न्यायालयात सांगितलं, की मंत्रीणबाई स्वतः उभ्या राहून कुणाला गाडीत घालायचं ते सांगायच्या. नेलेल्या माणसांना मारलं गेलं. बायकांवर बलात्कार करा, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे माझ्या खटल्यातल्या बड्या माणसासारख्या त्या ओट्यावर बसलेल्या नव्हत्या. त्या तिथे होत्या, आणि त्यांना बघणारे डोळे पुष्कळ होते.

१९९५ साली निर्वासित असताना त्यांनी एका वार्ताहराला सांगितलं होतं, की मी तर कोंबडीसुद्धा मारू शकत नाही. बाई आहे, आई आहे, हा बचाव. न्यायालयाने त्याला किंमत दिली नाही ते योग्यच झालं. पण तुमच्या पत्रातला ‘तीही बाई’ हा शब्दही मला थोडा टोचला. बाईच्या जातीकडून आपण अधिक अपेक्षा धरतो आणि म्हणून आपला संताप अधिक होतो. शिक्षेचं माप मात्र एकच असलं पाहिजे.

२४ जून २०११ रोजी निकाल लागला. वंशसंहार, वंशसंहाराचा कट, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांत त्या दोषी ठरल्या. हाताखालच्या टोळीने केलेल्या बलात्कारांची जबाबदारीही त्यांच्यावर आली. कुठल्याही आंतरराष्ट्रीय फौजदारी खटल्यात वंशसंहारासाठी दोषी धरलेली ही पहिली बाई. आणि इथे एक गोष्ट सरकार पक्षात आयुष्य काढलेल्या मला फार लागते. बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचाच मार्ग होता, असं न्यायालयाला पुराव्यावरून दिसत होतं. पण अभियोक्त्यांनी दोषारोपपत्रात ते नीट मांडलेलं नव्हतं, म्हणून त्या कलमाखाली शिक्षा देता आली नाही. एक परिच्छेद नीट न लिहिल्याचा परिणाम! याच न्यायालयाने २ सप्टेंबर १९९८ ला ज्याँ-पॉल अकायेसू या तालुकाप्रमुखाच्या खटल्यात बलात्काराला वंशसंहाराचं कृत्य ठरवलं होतं. तिथेही मूळ दोषारोपात बलात्कार नव्हताच. एक बाई साक्षीच्या ओघात बोलून गेली, तीन न्यायाधीशांतल्या एकट्या स्त्री न्यायाधीश नवी पिल्ले यांनी तिथे थांबून पुढचे प्रश्न विचारले, आणि दोषारोपपत्र दुरुस्त झालं. पिल्ले डर्बनच्या, तमीळ घरातल्या, बसचालकाची मुलगी. नातीला हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा.

अठरा वर्षांचा हिशोब असा. १८ जुलै १९९७ ला नैरोबीत अटक. त्याच दिवशी तिथे कंबांडाही सापडले. त्यांनी पुढच्या मे महिन्यात गुन्हा कबूल केला आणि ४ सप्टेंबर १९९८ ला त्यांना जन्मठेप झाली. पॉलीन यांनी कबूल केलं नाही, तो त्यांचा हक्क होता. खटला जून २००१ मध्ये सुरू झाला. सहा आरोपी एकत्र, आई आणि मुलगा एकाच पिंजऱ्यात. सरकार पक्षाचे ५९ साक्षीदार, बचावाचे १३०. प्रत्येक शब्द तीन भाषांतून फिरणार. न्यायाधीशांकडे त्याच वेळी दुसरेही खटले. २००३ साली तिघांपैकी एका न्यायाधीशांची मुदत संपली, ते पुन्हा निवडून आले नाहीत, आणि त्यांच्या जागी आलेल्या न्यायाधीशांना तोवरची सगळी साक्ष कागदावरून वाचून घ्यावी लागली. अपिलाचा निकाल १४ डिसेंबर २०१५ ला. त्या महिन्याच्या अखेरीस न्यायालयच बंद झालं.

शिक्षा उतरली ती दयेपोटी नव्हे, ताई. अपील न्यायालयाने काही आरोपांमधली दोषसिद्धी रद्द केली, मुख्य आरोप मात्र कायम ठेवले. आणि असं धरलं, की अवाजवी विलंब न होता खटला चालावा हा आरोपीचा हक्क मोडला गेला. चूक न्यायालयाची, तर तिची भरपाईही न्यायालयानेच करायची. म्हणून जन्मठेपेऐवजी ४७ वर्षं. बाईंचा जन्म १९४६ चा. अटकेपासून मोजून पूर्ण शिक्षा भोगली तर बाहेर येताना वय अठ्ठ्याण्णव होईल. मुलालाही तेवढीच वर्षं. फाशीची तरतूद या न्यायालयाच्या कायद्यात मुळातच नव्हती. ८ नोव्हेंबर १९९४ ला सुरक्षा परिषदेने ठराव ९५५ करून ते स्थापन केलं, तेव्हा परिषदेत असलेल्या रवांडाने ठरावाविरुद्ध मत दिलं होतं, आणि फाशी नाही हे त्यातलं एक कारण. तुमच्यासारखाच संताप होता तो. पुढे २००७ साली रवांडाने स्वतःच्या देशातली फाशीही रद्द केली.

ही ४७ वर्षं मला मान्य आहेत. पण अपमानाबद्दल तुम्ही जे लिहिलंय तेही मी खोडून काढणार नाही, कारण अपमान झाला, फक्त तो शिक्षेच्या आकड्यात नाही झाला. तो झाला साक्षीच्या वेळी. साक्षीदारांची नावं गुप्त, त्यांना अक्षरांची सांकेतिक नावं. त्यातली एक बाई, न्यायालयासाठी फक्त ‘टीए’. त्या आवारात तिच्यावर पुन्हा पुन्हा बलात्कार झाले होते. ऑक्टोबर २००१ मध्ये तिची उलटतपासणी चालू होती, सहा आरोपींचे वकील पाळीपाळीने. एका वकिलाने लांबण लावत असे प्रश्न विचारले, की त्या वेळी अंघोळ झाली होती का, इथपर्यंत मजल गेली. आणि न्यायपीठावर हसू फुटलं. न्यायाधीश वकिलाच्या घोळाला हसले, तिला नाही, असं नंतर सांगण्यात आलं. पण पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईला ते वेगळं कसं कळावं?

मी अशाच एका खोलीत होते. नवीन होते, वरिष्ठांच्या मागे फायली धरून बसलेली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी साक्ष देत होती, बचावाच्या वकिलाने तिला परकराच्या नाडीबद्दल काहीतरी विचारलं आणि मागच्या बाकांवरून हसण्याची लाट आली. मुलगी रडली नाही. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, इतकं घट्ट, की बोट पांढरं पडलं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ती ‘आठवत नाही’ म्हणाली. मी हरकत घ्यायला हवी होती, निदान वरिष्ठांना कोपराने ढोसायला हवं होतं. मी फायलीत बघत राहिले. आरोपी सुटला.

म्हणून ताई, तुमची नात बचावाला उभी राहते आहे याचा मला आनंद आहे. टीएसारख्या साक्षीदाराचं काय होणार, हे निम्म्याहून जास्त बचावाच्या वकिलाच्या हातात असतं. साक्षीदाराला न दुखावताही तिची साक्ष तपासता येते : किती वाजता, उजेड कसला, बाई ओळखीच्या होत्या का, गाडी किती अंतरावर. मी ज्यांना सगळ्यात जास्त भ्यायचे ते बचावाचे वकील असेच होते. ते आवाज चढवायचे नाहीत, आणि संध्याकाळी माझा खटला निम्मा पोकळ झालेला असायचा.

आणि तिला मुगेंझी व मुगिरानेझा यांचा निकाल मिळवून द्या. हे दोघेही त्याच मंत्रिमंडळातले मंत्री. हाब्यालिमानांना काढण्याच्या निर्णयात सामील आणि १९ एप्रिलच्या त्या समारंभाला हजर, यावरून २०११ साली दोघांना तीस-तीस वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये अपिलात दोघेही निर्दोष सुटले. कारण, काढण्यामागे कत्तलीचाच हेतू होता आणि राष्ट्राध्यक्ष काय बोलणार हे त्यांना आधी ठाऊक होतं, एवढा एकच निष्कर्ष त्या पुराव्यातून निघत नव्हता. वाहतूकमंत्री न्तागेरुरा आणि शिक्षणमंत्री र्वामाकुबा हेही निर्दोष सुटले. उलट माहितीमंत्री नियितेगेका, अर्थमंत्री न्दिंदाबाहिझी यांना जन्मठेपा झाल्या. तेव्हा मंत्री होता म्हणून दोषी, असं या न्यायालयाने कधी धरलं नाही. प्रत्येकाची बैठक, प्रत्येकाचं भाषण, प्रत्येकाची गाडी वेगळी तपासली. पॉलीन यांच्या शिक्षेवर माझा विश्वास बसला तो हे सुटलेले मंत्री बघून. ते सुटले नसते तर मला तिच्याही निकालाबद्दल शंका राहिली असती.

वंशसंहार म्हणजे नुसती मोठी कत्तल नव्हे, हे तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका आहात म्हणून थोडक्यात सांगते. ९ डिसेंबर १९४८ च्या करारानुसार राष्ट्रीय, जमातीय, वांशिक किंवा धार्मिक गट, ‘तो गट आहे म्हणून’, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू शाबित व्हावा लागतो. मेलेल्यांचा आकडा हेतू सांगत नाही. हेतू शब्दांत, यादीत, डायरीत शोधावा लागतो. आज रात्री जेवणाच्या टेबलावर त्या कागदांच्या समोर तुम्हीच सरकार पक्ष होऊन बसा. ‘काम’ म्हणजे काय, हे तिला पटवून दाखवा. ती हरकत घेईल. घेऊ द्या.

प्रश्न : आपल्या देशातल्या एखाद्या माजी मंत्र्यावर वंशसंहाराचा खटला हेगमध्ये चालू शकतो का? कुलभूषण जाधव यांचा खटला चालला तेच हे न्यायालय का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही, ते वेगळं. जाधव यांच्याबाबत १७ जुलै २०१९ ला निकाल दिला तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाने. तिथे देशाविरुद्ध देश उभा राहतो, कुणी माणूस आरोपी नसतो. आपले न्या. दलवीर भंडारी २०१२ साली निवडून गेले ते तिथे. माणसांवर खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हेगमध्येच आहे, पण १ जुलै २००२ पासूनचं, आणि भारत त्याचा सदस्य नाही. सदस्य नसलेल्या देशाचं प्रकरण सुरक्षा परिषद तिथे पाठवू शकते. सुदानचं तसंच गेलं आणि २०१० साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर वंशसंहारासाठी वॉरंट निघालं. पण त्या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्या देशाने तो सोपवला तरच खटला.

तुमच्या प्रश्नातला ‘माजी’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्यावर दुसऱ्या देशाच्या न्यायालयाला वॉरंट काढता येत नाही, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००२ ला काँगो विरुद्ध बेल्जियम प्रकरणात सांगितलं. त्याच निकालात हेही म्हटलं, की अधिकार असलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे, किंवा स्वतःच्या देशात, ही ढाल चालत नाही. १९४८ च्या कराराच्या चौथ्या कलमात तर राज्यकर्ता, सरकारी अधिकारी आणि साधा नागरिक या तिघांनाही शिक्षा व्हावी असं स्पष्ट लिहिलंय.

भारताने या करारावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये तो कायम केला. करार म्हणतो, की प्रत्येक देशाने त्यासाठी आपापला कायदा करावा. आपल्या जुन्या दंडसंहितेत वंशसंहार हा गुन्हा नव्हता, नव्या भारतीय न्याय संहितेतही नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसेच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव निकालपत्रात लिहून ठेवली आणि ती तातडीने भरून काढायला सांगितलं. आज तसा खटला उभा करायचा झाला तर माझ्यासारख्या सरकारी वकिलाला खून, कट आणि चिथावणी याच कलमांवर उभं राहावं लागेल. आणि गट म्हणून कुणाला संपवायचं होतं, ही गोष्ट दोषारोपपत्रात लिहायला जागाच सापडणार नाही.